जवानाचा घरभाडे भत्ता : पैसे मिळतात, खोली मिळते का?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाचे दात मोजल्याशिवाय भाव न करणारी आपली माणसे फौजेतल्या पोराच्या पगाराचा कागद मात्र उघडूनही पाहत नाहीत. खात्यात पैसे आले की झाले! त्या कागदावर घरभाडे भत्ता अशी एक ओळ असते. ती बायकोपोरांच्या डोक्यावरच्या छपराची ओळ आहे. म्हणून भगिनींनो, हे तुम्हीच नीट समजून घ्या.

मूळ नियम सोपा आहे. सरकारी क्वार्टर मिळाले तर भत्ता नाही, क्वार्टर नसेल तर भत्ता. नगरच्या (आता अहिल्यानगर) छावणीसारख्या शांततेच्या ठिकाणी बदली झाली तर कुटुंब नेता येते. पण क्वार्टर थोडे आणि नंबर लावणारे फार. नंबर येईपर्यंत बाहेर खोली घ्यावी लागते, तिच्या भाड्यासाठी हा पैसा. मिळालेले क्वार्टर नाकारले तर भत्ताही जातो.

भत्ता किती, हे गावावर ठरते. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून शहरांच्या तीन वर्गांना मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के असे दर लागले. महागाई भत्ता वाढेल तसे ते वाढायचे होते आणि जानेवारी २०२४ पासून ३०, २० व १० टक्के झाले. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, नाशिक-सोलापूर दुसऱ्या, तर आपले नगर, दौंड, काष्टी तिसऱ्या. त्या आयोगाच्या तक्त्यात शिपायाचा मूळ पगार २१,७०० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर पुण्याचे होतात ६,५१० रुपये, काष्टीचे २,१७०. लष्करी सेवा वेतनाचे ५,२०० रुपये या हिशेबात धरत नाहीत.

आता खरी गोम पुढे आहे. जवान सीमेवर, फिल्डमध्ये असेल तर कुटुंब बरोबर नेता येत नाही. अशा वेळी कुटुंबाच्या राहण्याचे म्हणून जे ठिकाण लेखी कळवलेले असते, त्याच्या दराने भत्ता धरतात. मुलांच्या शाळेसाठी एखादी बहीण पुण्यात खोली घेऊन राहते आणि कागदावर मात्र काष्टीच राहते. महिन्याला ४,३४० रुपयांचा फरक, वर्षाला ५२,०८०! धुणीभांडी करून हे पैसे जमवायचे तर किती घरे धरावी लागतील, ते आम्ही सांगायला नको. मात्र पत्ता खरा द्यावा. राहायचे काष्टीत आणि दाखवायचे पुणे, हा प्रकार उघडकीस आला तर नोकरीवर येते.

दुसरी गोष्ट लग्नाच्या नोंदीची. फौजेत लग्न आणि मुलांचे जन्म 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये चढावे लागतात. ते चढले नाहीत तर फौजेच्या लेखी जवान एकटाच! मग कुटुंबाचे क्वार्टर कुठले, आणि पुढे दुर्दैवाने वेळ आली तर विधवेच्या पेन्शनलाही हेलपाटे. आपल्याकडे विहारात बौद्ध पद्धतीने लग्न लागते, फोटो निघतात, जेवणे होतात आणि दाखला राहून जातो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे नोंद करून दाखला घ्या आणि त्याची प्रत युनिटकडे पाठवा. अडचण आली तर नगरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

२०२२ पासून अग्निवीर म्हणून जाणाऱ्या मुलांचे गणित वेगळे. तेव्हा जाहीर झालेल्या भत्त्यांत जोखीम, शिधा, गणवेश आणि प्रवास होता, घरभाडे नव्हते. पोराच्या पहिल्या वर्षाच्या तीस हजारांतले एकवीस हजारच हाती येणार होते. तेव्हा त्या भरवशावर घराचे कर्ज काढू नये, असे आम्हाला वाटते.

एवढे करून भत्ता हाती आला तरी खोली मिळेलच असे नाही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीतच झाला. सुभेदार रामजी तेथील फौजी शाळेत शिकवत होते. त्याच सुभेदारांच्या मुलाला, परदेशी पदव्या घेऊन आल्यावर १९१७ साली बडोद्यात नोकरी मिळाली, पण घर मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तेथूनही लाठ्याधाऱ्यांनी बाहेर काढले. आजही आमच्याकडे येणाऱ्या जवानांच्या बायका सांगतात की, घरमालक आधी नवऱ्याची नोकरी विचारतो, खूश होतो, मग आडनाव विचारतो. आणि संध्याकाळी निरोप येतो, खोली भावाला द्यायची आहे.

क्वार्टर मात्र यादीतल्या नंबराने मिळते, तिथे आडनावाला काम नाही. म्हणून बदलीच्या ठिकाणी हजर झाल्या दिवशीच नवऱ्याला अर्ज टाकायला सांगा. आठ दिवस उशीर म्हणजे आठ दिवसांतली सगळी नावे तुमच्या पुढे.