पेर बघा, मग फूल

पहाटे ५.४०

केडगावात अजून अंधार आहे. स्टेशनकडून मालगाडीची घरघर येते. मॅडमचा डबा भरून झालाय. दोन चपात्या, मेथी, शेंगदाण्याची चटणी. आता खरी बांधाबांध सुरू होते. खुरपं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पेन्सिल. पेनची शाई दवात पसरते म्हणून पेन्सिल. शेवटी झाडं दाबून वाळवायची प्रेस. प्रेस म्हणजे भोकं पाडलेल्या प्लायवुडच्या दोन फळ्या, मध्ये रद्दी पेपर, वरून करकचून दोन पट्टे. सुतारानं दोनशे घेतले. पट्टे जुन्या बॅगेचे.

मॅडम शिरूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, तासिका तत्त्वावर. घेतले तेवढ्या तासांचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, मे महिन्याचे नाहीत. सगळे तास मिळाले तर महिन्याला पंधरा-सोळा हजार, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम. सोबत पीएच.डी. चालू आहे. विषय शिरूर आणि दौंड तालुक्यांतली रब्बीतली तणं. आज दुपारी प्रॅक्टिकल आहे कॅरिओफिलेसी या कुळाचं. कार्नेशन, डायन्थस यांचं कुळ. जगभरात दोन हजारांहून जास्त जाती, त्यातल्या बहुतेक थंड मुलखातल्या. मुलांना दाखवायला कुंडीतलं फूल आहे. पण याच कुळातलं या मातीत आपोआप काय उगवतं, ते मॅडमना बघायचंय. म्हणून तीन तास आधी निघायचं.

सकाळी ६.५०

पंपावर दोनशेचं पेट्रोल. दोन लिटरही येत नाही. केडगाव ते शिरूर चाळीसेक किलोमीटर, आणि तेवढंच परत. मी स्कूटीच्या मागच्या सीटवर, मांडीवर प्रेस. पुढे उसाच्या बैलगाड्या, त्यांच्या मागे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. कुणालाच ओव्हरटेक करता येत नाही. मॅडम शांतपणे मागून चालवतात. गाळपाच्या दिवसांत हा वेळ धरूनच निघावं लागतं, म्हणतात.

सकाळी ७.१५

पारगावचा पूल. खाली भीमा. पाणी थोडं उतरलंय, कडेला गाळाचा ओला पट्टा उघडा पडलाय. मॅडम चपला काढून उतरतात आणि उकिडव्या बसतात. उभ्यानं इथं काही दिसत नाही. जमिनीला चिकटलेल्या हिरव्या चकत्या, थाळीएवढ्या. लांबून सगळ्या एकसारख्या.

एक उपटतात. मूळ तुटू द्यायचं नाही, म्हणून आधी खुरप्यानं भोवतीचा गाळ सैल करायचा. फांदीच्या पेरापाशी नखाएवढी पानं गोल जमलेली. पण ती नीट गोलात नसतात. समोरासमोरच्या जोड्या आखडून जवळ आलेल्या असतात. भिंग डोळ्याला, झाड भिंगाला. झाड जवळ आणायचं, डोकं खाली न्यायचं नाही. नाहीतर संध्याकाळी मान राहत नाही.

"हे बघा. पेरापाशी पांढरा पापुद्रा दिसतो?"

दिसतो. कांद्याच्या सालीसारखा, अगदी बारीक. ही उपपर्णं. निदलं पाच, मधे हिरवा कणा, कडा पारदर्शक. आत पाच पाकळ्या, निदलांपेक्षा आखूड. असतात, हे माहीत असेल तरच दिसतात. हे पॉलिकार्पॉन प्रोस्ट्रेटम. नदीचं, तळ्याचं पाणी आटलं की त्या गाळावर थंडीत येणारं. गावात त्याला नाव नाही. कुणाला त्याचं काही करायचंच नसतं.

शेजारची चकती तशीच, पण पापुद्रा सापडत नाही. नाही म्हणून नाही, की गळून गेला म्हणून नाही? हे कळायला फूल उघडावं लागेल. नदीकाठी वाऱ्यात ते होत नाही. मॅडम तिच्या पिशवीवर प्रश्नचिन्ह काढतात आणि उठतात.

सकाळी ८.५०

पूल ओलांडला की शिरूर तालुका. उसाच्या मधे गव्हाचा एक तुकडा, ओंब्या नुकत्या बाहेर आलेल्या. चार बाया खुरपायला आल्यात. नऊ ते पाच, बाईला तीनशे. गड्याला पाचशे, पण खुरपायला गडी येत नाही.

मॅडम बांधावरून चालत वाकून बघतात. एक मावशी न राहवून विचारतात, "काय हारवलं गं ताई? पैंजण का?"

"गुलाबी फुलाचं तण शोधतेय, मावशी. पान निळसर, गुळगुळीत, समोरासमोर. फुलाखाली फुगलेली थैली, तिला पाच धारा."

मावशी हातातलं खुरपं थांबवत नाहीत. "चांदनबटवा हाय. हराळी हाय. गाजरगवात लागंल तेवढं न्या."

शोध आहे तो वॅकेरियाचा. जुन्या पुस्तकांत सॅपोनेरिया वॅकेरिया. गव्हातलं तण. देठाशिवायची पानं खोडाला बिलगलेली, पुंकेसर दहा, कुक्षीवृंत दोन. बी काळं, गोल, मोहरीपेक्षा जरा मोठं. पाण्यात चोळलं तर फेस येतो, कारण त्यात सॅपोनिन असतं. ते गव्हाबरोबर कापलं जायचं, गव्हाबरोबर मळलं जायचं आणि बियाण्यातून पुढच्या वर्षी पुन्हा शेतात यायचं. थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात ते आहे. हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य, म्हणजे नंतरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. माणूस इंजिनिअर. आजही या भागात तण ओळखायला त्याचं पान उघडलं जातं. मॅडमकडे मोबाइलवर अख्खा ग्रंथ आहे, पण हवी ती पानं झेरॉक्स करून ठेवलीत. उन्हात मोबाइलचा पडदा वाचता येत नाही.

आता शेतकरी बियाणं पिशवीतलं आणतो, रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारतो. या तुकड्यातही फवारा झालाय. बांधाकडेचा चांदनबटवा वाकडा होऊन पिवळा पडलाय. वॅकेरिया नाही. मॅडम वहीत तारीख, गाव, पीक लिहितात, पुढे लिहितात 'आढळलं नाही'. न सापडल्याची नोंद ठेवणारी माणसं मला आवडतात. फार थोडी असतात.

सकाळी ९.४५

न्हावरे मागे पडलं. ऊस संपतो, माळ सुरू होतो. मुरूम, कुसळी गवत, मेंढ्यांच्या लेंड्या. इथं मॅडम स्कूटी सरळ रस्त्याच्या खाली घालतात. जागा ठरलेली आहे.

वीतभर उंचीचं, काडीसारखं ताठ झाड. टोकाला चंदेरी झुबके. जानेवारीत अर्धं वाळलेलं, तरी उन्हात चमकतं. हे पॉलिकार्पिया कोरिम्बोसा. पानं दोऱ्यासारखी, पेरापाशी झुपक्यानं आलेली, तिथं पुन्हा तोच पांढरा पापुद्रा. चमकतात त्या पाकळ्या नाहीत, ती निदलं आहेत, कागदासारखी कोरडी. खऱ्या पाकळ्या आत, बुटक्या, तपकिरी झालेल्या. पहिल्यांदा बघणारा इथंच फसतो.

अजून एक फसवणूक रस्त्याच्या कडेलाच उभी आहे. गोम्फ्रेना. पांढरे गोंडे, पानं समोरासमोर, लांबून तसंच. पण खोडावर केस, पेरापाशी पापुद्रा नाही. ते माठाच्या, कुरडूच्या कुळातलं. मॅडम तेही एक घेतात. दुपारी मुलांसमोर दोन्ही शेजारी ठेवायची, कुणीतरी चुकायला पाहिजे.

ऑस्ट्रेलियात पॉलिकार्पियाच्याच एका जातीवरून जमिनीत तांबं आहे का, याचा अंदाज बांधत. इथं पॉलिकार्पियाकडे बघून मेंढ्याही थांबत नाहीत.

चार झाडं मुळांसकट. जास्त घ्यायची नाहीत. लगेच रद्दीत पसरायची, एक पान पालथं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. पट्टे ओढताना मॅडम फळीवर गुडघा टेकतात. सगळं वजन तिथं.

सकाळी ११.२०

शिरूर. मस्टरवर सही. लॅबमधले मामा कुंड्या मांडून बसलेत. डायन्थस चायनेन्सिस, उरुळी कांचनच्या नर्सरीतून, एकेक तीस रुपये. तीन कुंड्या, नव्वद. पावती आहे. पैसे कधी मिळतील ते पावतीवर नाही. ब्लेडचं पाकीट मामांनी स्वतःच्या खिशातून आणलंय. एका ब्लेडचे उभे दोन तुकडे करून दोघांत एक.

दुपारी १२.००

मुली जास्त, मुलं कमी. पुस्तकातलं पाठ आहे. निदलं पाच, जोडलेली. पाकळ्या पाच, सुट्या. पुंकेसर दहा. अंडाशय वरचा, एका कप्प्याचा.

"फूल नंतर. आधी पेर बघा."

पेर फुगलेलं. पानं समोरासमोर, तळाशी एकमेकांना जोडलेली. फूल नसलं तरी निम्मी ओळख इथंच होते, असं मॅडमचं म्हणणं. मग फूल. निदलांच्या नळीखाली छोट्या खवल्यांच्या जोड्या. पाकळीला लांब देठ, टोक कातरलेलं. मग अंडाशय आडवा कापायचा. काप पातळ हवा. पहिले तीन जाडच येतात, चौथ्यात मधला खांब दिसतो आणि भोवती बीजांडं. भिंती नाहीत. एकच खोली, मधे खांब. या कुळाची ही घट्ट खूण.

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी बुकेतलं कार्नेशन आणलंय.

"मॅडम, पाकळ्या सत्तेचाळीस आल्या."

"पुंकेसर किती?"

"दोन. तेही अर्धवट."

माणसानं निवडून निवडून पुंकेसरांच्या पाकळ्या करून टाकल्यात. दुकानाला ते छान. सूत्र लिहायला कुचकामी. मॅडम ते फूल बाजूला ठेवत नाहीत, सगळ्यांत फिरवतात.

मग सकाळची झाडं टेबलावर येतात. एक मुलगी लगेच म्हणते, "मॅडम, याला स्टिप्यूल्स आहेत, उपपर्णं. पुस्तकात नाहीत म्हटलंय."

"पुस्तक डायन्थसबद्दल बोलतंय. तू हातातल्या झाडाबद्दल बोल."

गोम्फ्रेनावर पाच जण चुकतात. मॅडम खूश. बीट, पालक, माठ, चाकवत हे सगळे याच मोठ्या गणातले भाऊबंद, हेही सांगून होतं. फक्त त्यांचा लाल रंग बीटालेनचा, आणि कार्नेशनचा अँथोसायनिनचा. जर्नलवर सह्या. टेबलं पुसायचं काम मामांचं, पण मॅडम फडकं घेतातच.

दुपारी ३.१०

डबा. मेथी गार. मी चहा पाजतो, दहा रुपये.

दुपारी ४.३०

एसटी स्टँडजवळचं बुकेचं दुकान. कार्नेशन गुलटेकडीच्या मार्केटमधून येतं, वीस काड्यांची जुडी. कुठं खपतं? लग्न, सत्कार, उद्घाटन. मुलगा कात्रीनं देठ तिरपे छाटतोय. काही फुलांची नळी एका बाजूनं फाटलीय, पाकळ्या तिथून बाहेर लोंबतात. तो सेलोटेपची बारीक पट्टी नळीभोवती गुंडाळतो. फूल पुन्हा गोल.

"फाटका माल कमी भावात मिळतो," तो सांगतो. "टेप लावली की कळत नाही."

मॅडमना फाटण्याचं कारण माहीत आहे. रात्री गारठा, दिवसा उकाडा, आणि नळीत मावणार नाहीत एवढ्या पाकळ्या. त्या सांगत नाहीत. एक फाटकी काडी मागून घेतात. तो पैसे घेत नाही. बादलीत जिप्सोफिलाच्या पांढऱ्या काड्या. तीही याच कुळातली. बुके भरगच्च दिसावा म्हणून भरतात, तिची कुणी वेगळी किंमत विचारत नाही.

संध्याकाळी ६.००

परतीचा रस्ता. सकाळच्या मावशी पिकअपच्या हौद्यात उभ्या, गाडी वेगात पुढे जाते. त्यातली एक ओरडते, "सापडलं का गं?" मॅडम हात हलवून नाही म्हणतात.

रात्री ९.३०

भांडी झाली. मुलगा झोपला. जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, सेकंडहँड, भिंगाला एक चरा. प्रश्नचिन्हाची पिशवी उघडते. झाड कोमेजलंय, पण फळं शाबूत. पाकळी सापडत नाही. अंडाशय आडवा कापतात. तीन खोल्या, मधे भिंती. सुईनं एक बी काढतात. तपकिरी, दाणेदार, आणि त्याला पांढरा, वळलेला दोरा.

"ग्लायनस. झरस. आपलं कुळ नाही."

नाराजी नाही. लेबल त्याचंही लिहायचं: पारगाव, भीमेचा काठ, ओला गाळ, पॉलिकार्पॉनच्या शेजारी. शेजारी कोण होतं हे लिहिलं, तर पुढच्याचा गोंधळ वाचतो.

रात्री १०.४०

ओली रद्दी बदलायची. पहिले काही दिवस रोज, नाहीतर बुरशी. झाडं पूर्ण वाळली की ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कार्डशीटवर, सुईदोऱ्यानं टाचून. पट्टे कमी पडतात म्हणून प्रेसवर पाटा ठेवलाय.

आतून सासूबाईंचा आवाज. "अगं, सकाळी चटणीला पाटा मोकळा मिळंल का?"

"मिक्सर आहे की, आई."

"अन् लाईट?"

मॅडम पाटा उचलतात, वरवंटा बाजूला करतात आणि विटा शोधायला अंगणात जातात.