पॉवरहाऊस आजोळचं!

‘आमच्या घराण्यात सगळे नव्वदी गाठतात!’ असं रत्नागिरीकडचा एखादा मित्र लंच टेबलवर ऐकवायला लागला, की त्याला एकच प्रश्न टाका. घराणं कुठलं, बाबांचं की आईचं?

कारण आपल्या पेशींमधली पॉवरहाऊस, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, आपल्याला मिळतात आईकडून. शुक्रपेशीतूनही काही येतात, पण बीजांड त्यांचा निकाल लावतं. या चिमुकल्यांचा स्वतःचा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. जनुकं फक्त ३७! सातबाऱ्यावर नाव बाबांचं असलं तरी हा उतारा अख्खा आजोळचा.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांचंच बघा ना. जन्म १८ एप्रिल १८५८, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. निधन ९ नोव्हेंबर १९६२. म्हणजे वय १०४! भारतरत्न मिळालं तेही शंभरीत. पण त्यांचे मायटोकॉन्ड्रिया त्यांच्या एकाही मुलाकडे गेले नाहीत, जाणारच नव्हते. थोरले र. धों. कर्वे यांच्याकडे आले ते आई राधाबाईंचे. र. धों. १९५३ मध्ये, ७१व्या वर्षी गेले; वडिलांच्या नऊ वर्षं आधी. आता लगेच ‘बघा, मायटोकॉन्ड्रियाची करामत!’ म्हणू नका हं. एका घरावरून विज्ञान ठरत नाही.

१९९८-९९ मध्ये जपान आणि इटलीतल्या शतायुषींमध्ये या डीएनएचे ठरावीक प्रकार जास्त सापडले, आणि एकच हवा झाली. पुढे इतर ठिकाणच्या तपासण्यांत मात्र त्याच प्रकारांचा प्रभाव तितका दिसला नाही. जास्त बोलका ठरला तो २००४ चा उंदरांवरचा स्वीडिश प्रयोग. या डीएनएची नक्कल काढणाऱ्या एन्झाइमची चुका दुरुस्त करण्याची सोयच काढून टाकली. चुका साचत गेल्या आणि ऐन तारुण्यात उंदरांचे केस गळले, पाठी वाकल्या, आयुष्य घटलं. थोडक्यात, आईने दिलेला माल चांगला असला तरी तो पुढे खराब होऊ शकतो.

मग गोळ्या घ्यायच्या का? ‘एनर्जी’च्या नावाने कोएन्झाइम क्यू-टेन दुकानात मिळतं खरं, पण त्याने निरोगी माणसाचं आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. नियमित व्यायामाने स्नायूंमधले मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हे मात्र पक्कं. बाकी कर्व्यांना जिमची काय गरज? विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी ते मुरुडहून घाट चढून थेट साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. तिथे पोचल्यावर काय झालं माहितेय? ‘वय कमी दिसतंय’ म्हणून त्यांना परत पाठवलं!