काळा आजार राहतो कुठे?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सरासरीवर किती विश्वास ठेवायचा?" आज त्यासाठी बिहारमधल्या काळा आजाराचं उदाहरण घेऊ. आम्ही काही डॉक्टर नव्हे, पण हा प्रश्न निम्मा तर्कशास्त्राचाच आहे.

या रोगात आठवडेच्या आठवडे ताप उतरत नाही, पानथरी वाढते, रक्त कमी होतं, आणि उपचार न मिळाल्यास माणूस बहुधा दगावतो. लीशमॅनिया नावाचा परजीवी एका माणसातून दुसऱ्यात नेते ती सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी. चांदिपुरा विषाणूच्या बातम्यांमुळे हे नाव आपल्याकडे ऐकलेलं असेल. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, उडण्यात अगदी दुबळी. मातीच्या ओलसर भिंतीच्या भेगा, गोठ्यातला अंधार, हे तिचं जग. ती फार लांब जात नाही, म्हणून रोगही लांब जात नाही. एका टोल्यात घरटी रुग्ण आणि अर्ध्या कोसावरच्या टोल्यात एकही नाही, असं घडतं.

मग रोगाचं कारण कोणतं? परजीवी, माशी, भिंत की गरिबी? आपले नैयायिक 'कारणसामग्री' म्हणत: सगळी कारणं एकत्र आली तरच कार्य घडतं. यातलं एक काढलं की कार्य थांबतं, पण ते परत आणून ठेवलं तर? १९५३ पासून मलेरियासाठी घराघरांत डीडीटी फवारली गेली, त्यात वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली. १९७७ च्या सुमारास बिहारमध्ये मोठी साथ उभी राहिली. भिंती तिथेच होत्या ना!

आता मुद्द्याचं. भारतात 'निर्मूलन' कशाला म्हणायचं, तर प्रत्येक तालुक्यात, तिकडच्या भाषेत ब्लॉकमध्ये, वर्षाला दर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. समजा, ब्लॉकची वस्ती दोन लाख. वर्षात रुग्ण पंधरा. हिशेब पाऊण येतो, म्हणजे पास! पण ते पंधराही जण पाचशे वस्तीच्या एकाच टोल्यातले असतील तर? तिथे शंभरात तिघं आजारी आहेत. त्या टोल्यातल्या बाईला निर्मूलन झालं असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून रुग्ण सापडला की त्याच्या आसपासची घरं धुंडाळावी लागतात. फवारणीवाले आले की लोक स्वयंपाकघर आणि देवघर सोडायला सांगतात. त्यांचंही चुकत नाही, तिथे अन्न असतं, देव असतो; पण माशीला ही सोवळ्याची जागा कळत नाही.

औषधाची बाजू मात्र खूप सुधारली. पूर्वी महिनाभर सुया घ्याव्या लागत. आता लिपोसोमल अँफोटेरिसिन-बी शिरेतून एकदाच देऊन बहुतेक रुग्ण बरे होतात. २०२३ मध्ये बांगलादेशाला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्याच वर्षी भारतातले सगळे ब्लॉकही त्या रेषेखाली आले. ही पातळी सलग तीन वर्षं टिकवावी लागते.

आणि रुग्ण बरा झाल्यावरही कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी अंगावर फिकट चट्टे उठतात. दुखत नाही, ताप नाही. शेतात कामाला जाता येतं. दवाखान्यात कोण जाणार? पण वाळूमाशीला त्या कातडीतूनही परजीवी मिळतो. सरासरीच्या तक्त्यात हा माणूस अनेकदा येतच नाही. तो टोल्यात, आपल्या घरी, भिंतीला टेकून बसलेला असतो.