एक्स्प्लेनर : लंडनच्या आफ्रिकन प्रदर्शनात नाशिक कसं पोहोचलं?

नाशिक : ब्रिटनमध्ये दर ऑक्टोबरला ‘ब्लॅक हिस्ट्री मंथ’ साजरा होतो. संगीत, चित्रपट, प्रदर्शनं यांची रेलचेल असते. २००७ मध्ये गुलामांच्या व्यापारावरील बंदीला २०० वर्षं झाली, तेव्हा लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे प्रदर्शन भरवलं. या आफ्रिकनांपैकी अनेक जण शिकले होते नाशिकच्या शरणपूरमध्ये. होय, आपल्या शरणपूर रोडचंच शरणपूर!

ब्रिटिश नौदल हिंदी महासागरात गुलामांची जहाजं पकडायचं. सुटलेल्या काही मुलांना मुंबईत उतरवलं जाई. चर्च मिशनरी सोसायटी त्यांना शरणपूरला ठेवून लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवत असे.

जेकब वेनराइट त्यातलाच. १८७३ मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं आफ्रिकेत निधन झालं. सोबत्यांनी मृतदेह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. पुढे जहाजातून तो इंग्लंडला नेताना सोबत होता वेनराइट. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्येही तो होता. लिव्हिंग्स्टन यांचं नाव शाळेत सगळ्यांनीच वाचलं, वेनराइटचं मात्र क्वचितच कुणी.

पुढे मोम्बासाजवळ फ्रेअरटाउन वसलं आणि शरणपूरचे बरेच जण तिकडे गेले. जन्म आफ्रिकेतला असूनही तिथे त्यांची ओळख पडली ‘बॉम्बे आफ्रिकन’.