टीआरएच आणि जीएनआरएच: एक तपासणीपुरतं, दुसरं औषध

नेट-सेटच्या तयारीत ही जोडी तुम्ही एकाच तक्त्यात पाठ केली असेल. दोन्ही हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात आणि पिट्यूटरीला हुकूम सोडतात. टीआरएचमुळे टीएसएच सुटतं, जीएनआरएचमुळे एलएच आणि एफएसएच. (टीआरएचने प्रोलॅक्टिनही वाढतं, पेपर काढणाऱ्यांचा हा लाडका प्रश्न!) पण औषध म्हणून दोघांचं नशीब इतकं वेगळं का, हे तक्ता सांगत नाही.

टीआरएच फक्त 3 अमिनो आम्लांचं. त्याची रचना 1969 मध्ये कळली, 10 अमिनो आम्लांच्या जीएनआरएचची 1971 मध्ये. गिलेमिन मेंढ्यांच्या मेंदूंवर काम करत होते, शॅली डुकरांच्या. दोघांत कट्टर स्पर्धा, आणि 1977 च्या नोबेलमध्ये मात्र दोघे वाटेकरी.

टीआरएचचा वापर मुख्यतः तपासणीसाठी व्हायचा: इंजेक्शन द्यायचं आणि टीएसएच किती वाढतं ते बघायचं. पुढे रक्तातलं अगदी कमी टीएसएचही थेट मोजता येऊ लागलं, तशी ही तपासणी मागे पडली. उपचार म्हणाल, तर थायरॉइड कमी पडल्यावर सरळ थायरॉक्सिनची गोळी देता येते. मग वरून हुकूम कशाला पाठवायचा?

जीएनआरएचची खरी गंमत वेळेत आहे. 1978 मध्ये नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केला. स्वतःचं जीएनआरएच बंद पडलेल्या माकडांना ते दर तासाला थोडं थोडं दिलं, तर एलएच-एफएसएच पूर्ववत झालं. तेच हार्मोन अखंड दिलं, तर दोन्ही घसरलं! सतत हाक मारणाऱ्याकडे पिट्यूटरी लक्षच देत नाही.

म्हणजे पंपाने ठोक्याठोक्याने दिलं तर बंद पडलेलं बीजोत्सर्जन सुरू करता येतं. उलट, शरीरात टिकून राहणारं ल्युप्रोलाइड प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन खाली आणतं, आणि मुलांचं अकाली वयात येणंही थांबवतं. मूळ रेणूतलं सहाव्या जागेवरचं ग्लायसिन काढून तिथे डी-ल्युसिन बसवलंय आणि शेपटीही बदललीय, म्हणून एन्झाइम्सना ते लवकर तोडता येत नाही.

पण एक धोका नीट समजून घ्या. पिट्यूटरी दाद देईनाशी होण्याआधी सुरुवातीचे काही दिवस जोरात प्रतिसाद देते आणि टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. कर्करोग मणक्यात पसरला असेल तर एवढ्या वाढीनेही मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. म्हणून आधी टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारं औषध देतात, किंवा डेगारेलिक्स वापरतात. ते रिसेप्टरवर बसतं, पण त्याला चालू करत नाही, त्यामुळे हा सुरुवातीचा उसळा येतच नाही.