ध्रुवाकडची मोजपट्टी, सीमेवरचं गाव

मानव विकास निर्देशांक जगापुढे आला १९९० साली. तो उभा केला महबूब उल हक यांनी, वैचारिक पाया अमर्त्य सेन यांचा. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न, एवढ्या तिघांवर देशाची प्रगती जोखायची. महाराष्ट्राने आपला अहवाल २००२ मध्ये काढला, पुढचा २०१२ मध्ये. त्यातला निर्देशांक जिल्ह्याचा. सोलापूर शहर, पंढरपूर आणि कर्नाटकाला खेटलेली अक्कलकोटची खेडी, सगळ्यांना मिळून एकच आकडा!

या तिघांवर भागत नाही, हे ठामपणे म्हटलं ते उत्तर ध्रुवाभोवतालच्या आर्क्टिक प्रदेशातल्यांनी. तिथे तेल आणि निकेलमुळे दरडोई उत्पन्न फुगतं. नफा मात्र दूरच्या राजधान्यांत जातो. उलट शिकारीचं, मासेमारीचं जे थेट घरच्या चुलीवर येतं, ते हिशेबाबाहेरच राहतं. म्हणून आर्क्टिक परिषदेच्या २००४ च्या अहवालाने आणखी तीन गोष्टी मांडल्या: संस्कृती टिकणं, निसर्गाशी नातं आणि स्वतःच्या भवितव्यावर स्वतःचा ताबा.

निसर्गाचं आपण सोडून देऊ; पावसाची वाट पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते नातं वेगळं शिकवायला नको. प्रश्न ताब्याचा आहे. १९६७ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाने अक्कलकोट कर्नाटकाला द्यावं अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, तालुका इथेच राहिला. अनेक घरांत कन्नड, कचेरीत मराठी, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही चालू. मग २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी अक्कलकोटवर हक्क सांगितला आणि तालुक्यातल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. वरवर पाहता तो भाषावाद वाटेल. गावकरी बोलत होते ते रस्त्यांबद्दल आणि पाण्याबद्दल. माझ्या मते ते ठराव म्हणजे निर्देशांकच होता, फक्त दशांश चिन्हाशिवाय.

ताबा मोजायचा कसा, याचं उत्तर आर्क्टिकच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये दिलं: सत्तेच्या जागांवर मूळनिवासी किती, जमीन कुणाच्या हाती, मातृभाषा किती जण बोलतात, आणि सार्वजनिक खर्चातला किती पैसा स्थानिक पातळीवर उभा राहिला. शेवटचं कलम अक्कलकोटच्या कुठल्याही ग्रामपंचायतीला आजही लावता येईल. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली एका बाजूला, वरून आलेला निधी दुसऱ्या बाजूला. नोंदवह्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आहेतच.