लेण्यांपलीकडची घारापुरी

एलिफंटा पाहून आलेल्या माणसाने घारापुरी पाहिलेली असतेच असे नाही. गेटवेवरून लाँचमध्ये बसायचे, तासाभराने शेतबंदराच्या धक्क्यावर उतरायचे, शंभरावर पायऱ्या धापा टाकीत चढायच्या, त्रिमूर्तीपुढे फोटो काढायचा आणि काकडी खात परतायचे. दोन तासांत बेट उरकते. आम्ही मात्र माघातल्या एका मंगळवारी सकाळच्या लाँचने निघालो, ते सबंध दिवस बेटावरच काढायचा असे ठरवून. (ठरवले सौभाग्यवतींनी, मी डबा धरला.)

त्रिमूर्तीविषयी नव्याने काय लिहावे? सहाव्या शतकातल्या त्या साडेपाच मीटर उंचीच्या सदाशिवापुढे मराठीच्या मास्तराचीही विशेषणे संपतात. शिवाय १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशात आहेत. त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही.

लेण्यांपासून वर तोफांच्या टेकडीकडे वाट जाते आणि तिथेच गर्दी मागे पडते. आंबा, चिंच, करंज आणि मध्येच एखादा ताड. सावली इतकी दाट, की मुंबईचा घाम अंगावरच गार होतो. माकडे तेवढी जागी होती. डबा कोणाच्या हातात आहे हे त्यांनी आधीच हेरले होते. माथ्यावर ब्रिटिशांच्या दोन तोफा समुद्राकडे तोंड करून पडल्या आहेत. त्यांच्याशी बसून भाकरी खाल्ली. समोर न्हावा-शेव्याच्या बंदराच्या क्रेन, उत्तरेला २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि पायाखाली पाखरांचा किलबिलाट. एवढ्या यंत्रांच्या वेढ्यात हे रान टिकले कसे, याचे नवल वाटत राहते.

दुपारी राजबंदराकडे उतरलो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो याच बाजूला उभा होता. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती फुटला. सांधलेला हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. म्हणजे हत्ती मुंबईला गेला आणि त्याचे नाव मात्र बेटाला चिकटून राहिले. गावकरी ते नाव फक्त पाहुण्यांशी बोलताना वापरतात, आपापसांत घारापुरीच.

वाटेवर एक मावशी बोरे आणि चिंचा मांडून बसल्या होत्या. सौभाग्यवतींनी बोरे घेतली आणि भावावरून गोष्ट विजेवर गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर तार टाकून या बेटावर कायमची वीज आली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर, की पुढे अंधार. समोर सगळी मुंबई दिव्यांनी लखलखत असताना! स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे हे दृश्य रोज पाहणाऱ्यांना काय वाटत असेल, हे मी विचारले नाही. विचारले एवढेच, की वीज आल्यावर पहिल्यांदा घरात काय घेतले.

“फ्रीज,” मावशी म्हणाल्या. “पोरगा टीवी मागत होता. मी म्हटले, आधी फ्रीज. मासली राहते ना दोन दिवस. आधी बरफासाठी लाँचची वाट बघायची.”

मला कंदिलाखाली अभ्यास करणारी मुले आठवत होती, त्यांना मासळी. हिशेब त्यांचाच पक्का होता.

मोराबंदराकडचे दाट रान आणि पूर्वेच्या टेकडीवरचा बौद्ध स्तूप राहून गेला. दिवस पुरला नाही, आणि पाहुण्यांना इथे रात्री राहण्याची मुभा नाही. परतीच्या लाँचमागे सीगल पक्षी बराच वेळ आले. धक्क्यावर टोपल्या आवरून बायका घराकडे वळल्या होत्या, आणि झाडांमागे राजबंदरात एक-दोन दिवे लागले होते. सौभाग्यवती पदरातली बोरे मोजत म्हणाल्या, “पुढल्या खेपेला मोराबंदर आधी.”